जावयाबरोबर हरणाच्या शिकारीला

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे लिहिणार आहे त्यात कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करणार नाही. कुत्रा, उंच गच्ची, विमान जमिनीला टेकताना बसणारा धक्का, दवाखान्यातून येणारा फोन, या सगळ्यांना मी घाबरतो. आणि सगळ्यांत जास्त बंदुकीला. नागपुरात मी बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर, आणि ती बहुधा चालत नसावी. पुढची छत्तीस वर्षं सांता क्लारात कॉम्प्युटरच्या चिप तपासण्याच्या नोकरीत गेली. तिथे बंदुकीचा संबंध बातम्यांपुरता.

त्यामुळे माझ्या एकुलत्या एका मुलीनं, मुक्तानं, मिशिगनच्या उत्तरेकडच्या एका शिकारी घरातल्या मुलाशी लग्न केलं तेव्हा मी काय काय बोललो असेन, त्याची कल्पना करा. काइल घरोघरी भट्ट्या दुरुस्त करतो. भट्टी म्हणजे तळघरातलं ते यंत्र, जे थंडीत सगळं घर गरम ठेवतं. मुलगा शांत, कामसू. पण त्याच्या घरात चार बंदुका आहेत असं कळल्यावर मी मुक्ताला सांगितलं, त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. दोन वर्षं ठेवलंही नाही.

गेल्या नोव्हेंबरात माझी बायको नीलिमा तिच्या आईकडे नागपूरला गेली होती. मी घरात एकटा. मुक्ताचा फोन आला.

"बाबा, तू एकटा काय करतोयस तिकडे? थँक्सगिव्हिंगला ये ना. लवकर ये. आय मीन इट."

"आणि बंदुका?"

"कपाटात असतात. लॉक्ड. बाबा, प्लीज यार."

त्या 'प्लीज'मध्ये काहीतरी होतं. थँक्सगिव्हिंग हा इथला नोव्हेंबरअखेरचा कुटुंबाचा सण; मी त्याच्या दोन आठवडे आधीचं तिकीट काढलं.

ॲन आर्बर

मुक्ता विमानतळावर घ्यायला आली आणि आम्ही आधी ॲन आर्बरला थांबलो. ती फार्मसी इथेच शिकली, काइलही तिला इथेच भेटला. तिच्या खोलीतली भट्टी बंद पडली होती आणि तो दुरुस्त करायला आला होता. हे मला तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं, गरम सूप पिता पिता. बाहेर हाडं गोठवणारा वारा होता आणि त्यातही पोरंपोरी कानटोप्या घालून सायकली मारत होती.

जेवण झाल्यावर ती मला एका दुकानात घेऊन गेली आणि माझ्यासाठी भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घेतली. आपल्याकडे रस्ता खणणारे घालतात तसलं.

"हे कशाला?"

"बाबा, उद्यापासून हरणांचा रायफल सीझन. ऑरेंज घातल्याशिवाय पोस्टबॉक्सपर्यंतसुद्धा जायचं नाही."

"म्हणजे कुणी मला हरीण समजून..."

"सो दॅट नोबडी डज," ती म्हणाली आणि पैसे द्यायला गेली.

तिथून चार तास उत्तरेला. शहरं संपली, मग शेतं संपली, मग दोन्ही बाजूंना नुसती पानं झडलेली झाडं आणि बर्फाचा पातळ थर. रस्त्याकडेला जागोजागी मेलेली हरणं पडली होती. मुक्तानं सांगितलं, हा त्यांच्या माजाचा काळ. एरवी हरीण इतकं सावध असतं की दिसत नाही, पण या दोन-तीन आठवड्यांत नर मादीच्या मागे असे पिसाटतात की खाणं विसरतात, झोप विसरतात, रस्ता, गाडी, माणूस, काही दिसत नाही त्यांना.

ती हे सांगत असतानाच डावीकडून एक मादी झेपावली. मुक्तानं करकचून ब्रेक मारला. मादी गेली आणि तिच्या मागोमाग एक शिंगाळा, मान खाली घालून, आमच्या बॉनेटपासून हातभर अंतरावरून गेला. त्यानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा हात दाराच्या दांडीवर आवळला होता, तो सुटेना.

"वळवायचं नाही," मुक्ता धापा टाकत म्हणाली. "काइलनं शिकवलंय. फक्त ब्रेक. वळवलं की झाडावर."

त्या क्षणी मला काइलबद्दल पहिल्यांदाच काहीतरी बरं वाटलं.

काइलचं घर

घर लाकडी, लहान, उबदार. भिंतीवर शिंगांच्या सात जोड्या. मी मनातल्या मनात बंदुकांचं कपाट शोधलं. ते बैठकीच्या कोपऱ्यात होतं, लोखंडी, फ्रिजएवढं. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो आणि मग पाठ करून बसणं जास्त वाईट वाटलं म्हणून तोंड करून बसलो.

शेतापलीकडे काइलची आई जॉइस राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तिनं हरणाच्या मांसाचा रस्सा आणला होता, बटाटे आणि गाजर घातलेला. मी मटण खाणारा माणूस, नागपूरचा, सावजी रश्श्यावर वाढलेला. पहिला घास भीतभीत घेतला. मांस मऊ, चरबी अजिबात नाही, किंचित गोडसर. मसाला म्हणाल तर मीठ आणि मिरी.

"कसं आहे, श्री?" जॉइसनं विचारलं. श्रीकांत तिला पेलत नव्हतं.

"छान आहे," मी म्हणालो. खरंच छान होतं.

काइल माझ्याशी फार बोलला नव्हता. मला 'सर' म्हणत होता. जेवण झाल्यावर तो ताटली हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, उद्या सकाळी मी रानात जाणार आहे. मुक्ताची ड्यूटी आहे. तुम्हाला यायचं असेल तर या. तुम्ही नुसतं बसायचं. बंदुकीला हात लावायचा नाही."

मुक्ता माझ्याकडे बघत होती. ती मनात 'नाही म्हण' म्हणत होती की 'हो म्हण' ते मला कळेना. दोन वर्षं मी सगळ्याला नाहीच म्हटलं होतं.

"येतो," मी म्हणालो.

रानात

पहाटे आम्ही निघालो. ट्रकमधून पक्क्या रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि तिथून काइलच्या फोर-व्हीलरवर. आपल्याकडे फोर-व्हीलर म्हणजे कार. इथे ती जाड चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली उघडी गाडी असते. मी मागे बसलो, काइलच्या कमरेला धरून. जावयाला मी केलेला तो पहिला स्पर्श.

रानात त्यानं फळ्यांचं एक खोपटं बांधलं होतं, तीन बाजूंना खिडक्या. त्यात दोन खुर्च्या. बाहेर उणे आठ. आम्ही बसलो आणि उजाडायची वाट पाहू लागलो.

उजाडलं तसा पहिला बार झाला. मी खुर्चीतून अर्धा उठलोच. मग दुसरा, तिसरा, चारी दिशांनी. रान नुसतं फुटत होतं.

"दोन मैलांवर आहे ते," काइल कुजबुजला. "सगळे आज पहिल्याच दिवशी बाहेर पडलेत. घाबरू नका, सर."

मला सांगा, घाबरू नका म्हटल्यावर कोण घाबरायचं थांबतं? मी गुडघ्यांत हात घालून बसलो. फळीच्या भिंतीतून गोळी आरपार जाईल का, हा एकच विचार डोक्यात. विचारायचं धाडस झालं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

मध्येच काइलनं समोर बोट दाखवलं. एका झाडाची साल माणसाच्या कमरेच्या उंचीवर सोलून निघाली होती. नरानं शिंगं घासलेली. त्याखाली बर्फ उकरून काळी माती वर आलेली, तिथे तो मुततो, आपला वास ठेवतो, म्हणजे दुसऱ्या नरांना कळावं. काइल हे सांगताना चेहऱ्यानं दहा वर्षांनी लहान झाला होता.

मग एक मादी आली, धावत, शेपूट वर. पाठोपाठ आवाज आला, गंजलेलं दार करकरावं तसा, पण जिवंत. आणि नर आला. मान फुगून खांद्याइतकी झालेली, नाक जमिनीला, तोंड उघडं. मी हरणाला गरीब प्राणी समजत आलो होतो. हा गरीब नव्हता. काइलनं तोंडानं मेंढीसारखा आवाज काढला. नर थबकला, आमच्याकडे वळला, आणि माझ्या कानाशी जग फुटलं.

नर उडाला आणि धावत गेला. मला वाटलं, चुकला. काइलनं बोट ओठांवर ठेवलं. आम्ही अर्धा तास हललो नाही. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर आणखी पळतं, त्याला शांतपणे पडू द्यायचं असतं. तो अर्धा तास माझ्या कानात शिट्टी वाजत होती.

बर्फावर रक्त सहज दिसत होतं. गुलाबी, फेसाळ. फुप्फुसाला लागलंय, काइल म्हणाला. दोनशे पावलांवर, दलदलीच्या कडेला, तो पडला होता. काइलनं लांब काटकी उघड्या डोळ्याला लावली. पापणी हलली नाही. मग तो गुडघ्यावर बसला आणि नराच्या मानेवर हात ठेवला.

नंतर त्यानं रायफलमधल्या गोळ्या काढल्या, आतली नळी रिकामी आहे हे मला दाखवलं आणि ती माझ्या खांद्याला अडकवली. "बर्फात ठेवायची नाही म्हणून. रिकामी आहे, सर." मी हूं म्हणालो. खांद्यावर साप ठेवल्यासारखं वाटत होतं.

आता पोट साफ करायचं. मांस चांगलं राहायचं असेल तर आतडी लवकरात लवकर बाहेर काढावी लागतात, आत उष्णता राहिली की मांस बिघडतं. मागच्या पायांवर आतल्या बाजूला तांबूस केसांचे गोळे होते, माजात असल्यामुळे त्यांना असा उग्र वास की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "तिथे हात लावू नका. तोच हात मांसाला लागला की मांसाला वास येतो." त्यानं पोट उघडलं तेव्हा वाफ निघाली. मी तोंड फिरवलं, मग परत वळवलं. रविवारी मटणाच्या दुकानात मी इतकी वर्षं पुढचा पाय मागत आलो, पण त्या पायाआधी काय होतं ते आज पाहत होतो.

शेवटी मागच्या दोन पायांमधलं कापायचं राहिलं.

"सर, हा पाय धरा. असा. घट्ट, तुमच्याकडे ओढून."

मी धरला. हातमोजे निसरडे झाले होते. काइल दोन पायांच्या मध्ये गुडघ्यांवर, चाकू खोलवर, स्वतःच्या दिशेनं ओढत होता.

आणि कुठेतरी अगदी जवळ बार झाला.

मी पाय सोडला. ठरवून नाही. हातांनीच सोडला. तो जड पाय काइलच्या मनगटावर आपटला, चाकू हाडावरून निसटला आणि त्याच्या मांडीत आतल्या बाजूनं घुसला.

काइल म्हणाला, "ओह." एवढंच. आणि मागे बसला. त्याच्या पँटवर गडद डाग पसरला, आणि तो थांबेना, बर्फावर येऊ लागला.

मी उभा होतो. मला सांगायची लाज वाटते, पण मी उभाच होतो. त्यानंच मला हाक मारली.

"सर. सर! बांधायला हवं. वरती. जांघेपाशी."

चिपच्या कारखान्यात दरवर्षी आम्हाला सुरक्षेचा वर्ग असायचा. कंटाळवाणा. त्यातलं एक चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी मफलर काढला, जखमेच्या वर दोन वेढे दिले, गाठ मारली, गाठीत काठी घातली आणि पिळू लागलो. काइल ओरडला. मी पिळत राहिलो. रक्त कमी झालं, मग झिरपायला लागलं. काठी सुटू नये म्हणून ती त्याच्या पट्ट्यात अडकवली.

फोनला रेंज नव्हती. फोर-व्हीलर खोपटाजवळ, दोनशे पावलांवर. मी ती आणायला धावलो. साठी ओलांडलेला माणूस बर्फात कसा धावतो ते विचारू नका. चालू कशी करायची ते मागून काइल ओरडून सांगत होता. पहिल्यांदा ती मागेच गेली आणि एका झाडाला धडकली. मग पुढे आली.

वाट

त्याला पुढे बसवलं, माझ्या आणि हँडलच्या मध्ये, जत्रेतून लहान मुलाला सायकलवर आणतात तसं. फक्त हे मूल सहा फुटांचं होतं आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडत होतं.

"काइल, बोल. झोपायचं नाही."

"बोलतोय," तो म्हणाला आणि बोलला नाही.

मग मीच बोलू लागलो. इंग्रजी सुचेना. छत्तीस वर्षं ज्या भाषेत मीटिंगा केल्या ती कुठे गेली कोण जाणे. मी मराठीतून त्याला शिव्या देऊ लागलो. "गाढवा, डोळे उघड. खबरदार डोळे मिटलेस तर. माझ्या पोरीला काय सांगू मी? मूर्खा, भट्टीवाल्या, बघ माझ्याकडे." गाडी मुळांवरून उडत होती. बार होतच होते. माझ्या मनात आलं, आता कुणाची गोळी लागली तर लागू दे, एकदाचं संपेल. आणि लगेच वाटलं, नको, आत्ता नको, हा मरेल.

पक्क्या रस्त्यावर ट्रकजवळ पोचलो तेव्हा फोनवर दोन रेषा दिसल्या. त्याला खाली निजवून मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. काइलनं डोळे मिटूनच रस्त्याचं नाव सांगितलं, मी ते पुढे सांगितलं. मग मुक्ताला लावला.

"मुक्ता, काइलला लागलंय. मांडीत. रक्त फार गेलंय. मुक्ता, ऐक..."

तेवढ्यात वळणावरून पोलिसांची गाडी आली. जवळच होती म्हणून ॲम्ब्युलन्सच्या आधी पोचली. तरुण अधिकारी उतरला आणि जागीच थांबला. मी स्वतःकडे त्याच्या नजरेनं पाहिलं तेव्हा मला कळलं. कोपरापर्यंत रक्तानं माखलेला एक सावळा माणूस. पायाशी निपचित पडलेला एक गोरा माणूस. आणि माझ्या खांद्यावर रायफल. ती अजून तिथेच होती. मी विसरूनच गेलो होतो.

"सर, बंदूक खाली ठेवा! हळू! बंदूक खाली ठेवा!" त्याचा हात कमरेला गेला होता.

माझ्या हातातून फोन पडला. मी पट्टा खांद्यावरून काढला. बोटं ऐकेनात. आयुष्यात इतक्या हळू मी काही केलं नसेल. बंदूक बर्फावर ठेवली, दोन पावलं मागे सरलो, हात वर केले.

"इट्स ओके," खालून काइलचा आवाज आला, जेमतेम. "ही'ज फॅमिली."

अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि धावत येऊन त्याच्या बाजूला बसला. तो चांगला मुलगा होता. त्यानं मफलरवर आणखी एक पट्टा आवळला आणि मला म्हणाला, "हे तुम्ही बांधलंत? बरं केलंत." माझे हात अजून वरच होते. खाली घ्यायला कुणी सांगितलं नाही म्हणून.

हॉस्पिटल, आणि पुन्हा तिथेच

मुक्ताची फार्मसी हॉस्पिटलपासून चाळीस मिनिटांवर. ती आली तेव्हा काइल आत ऑपरेशनला गेला होता. ती माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि मला वाटलं होतं तशी गळ्यात पडली नाही.

"काय झालं?"

"चाकू घसरला," मी म्हणालो.

माझ्यामुळे, हा शब्द तोंडाशी आला होता. तो तिथेच राहिला.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. मोठी शीर कापली गेली होती, शिवली. तिच्या शेजारची धमनी बोटभर अंतरानं वाचली. पाय राहील, माणूस राहील. मुक्ता खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुक्तानं कळवल्यावर आलेली जॉइस भिंतीला टेकून उभी होती. तिनं एक खोल श्वास घेतला, गाडीची किल्ली काढली आणि मला म्हणाली, "श्री, हरीण कुठे आहे?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुझा मुलगा आत आहे."

"तो वाचला. शुद्धीवर आला की पहिलं तेच विचारेल. अर्धवट साफ केलेलं तसंच सोडलं तर संध्याकाळपर्यंत कोल्हे खातील. मारलंय ते वाया घालवायचं नाही. मला जागा दाखव."

मी गेलो. नाही म्हणायला मी तिला घाबरत होतो आणि तिथे परत जायलाही घाबरत होतो. तिची भीती जास्त ठरली.

हरीण तसंच होतं. भोवती बर्फावर लाल चिखल, आणि त्यातलं हरणाचं कुठलं आणि काइलचं कुठलं, ते सांगता येत नव्हतं. जॉइसनं ते पाहिलं. तिचे ओठ हलले, पण ती थांबली नाही. अस्तन्या वर केल्या, चाकू काढला.

"पाय धर," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहत राहिलो. हात पुढे जाईनात.

"धर, श्री. मी एकटी करू शकत नाही."

मी दोन्ही हातांनी, छातीशी कवटाळून तो पाय धरला, आणि डोळे घट्ट मिटले. दूर बार झाला. माझं सगळं अंग हललं. पाय हातातच होता. तिनं चाकू स्वतःपासून दूर चालवत काम संपवलं, बर्फ घेऊन आत चोळला आणि आम्ही दोघांनी ते धूड दोरीनं ओढत आणलं.

मांस

तीन दिवस हरीण जॉइसच्या गोठ्यात उलटं टांगलेलं होतं. थंडी इतकी की फ्रिजची गरज नाही. चौथ्या दिवशी काइल घरी आला, कुबड्यांवर, आणि बैठकीतल्या सोफ्यावर पाय वर करून पडला. स्वयंपाकघरात मुक्ता आणि मी मांस कापायला बसलो. जॉइस कातडं सोलून, मोठे तुकडे करून देऊन गेली होती.

मुक्ताचा हात सराईत होता. पाठीच्या कण्यालगतच्या दोन लांब पट्ट्या सगळ्यांत मऊ, त्या तिनं वेगळ्या ठेवल्या. मांसावरचा पांढरा चकचकीत पापुद्रा आणि चरबी काढून टाकायची, हरणाची चरबी तोंडात मेणासारखी चिकटते. मांड्यांचे मोठे तुकडे. उरलेलं खिमा करायला. माझं काम तुकडे मेणकागदात गुंडाळून चिकटपट्टी लावायचं. चाकू मी घेतला नाही, तिनं दिलाही नाही.

चार-पाच पुड्या बांधून झाल्या. मग ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"बोल."

"तुझा फोन आला ना, मागून तो माणूस ओरडत होता. पुट द गन डाउन. मग लाइन गेली. फॉर्टी मिनिट्स मी ड्राइव्ह करत होते." तिनं चाकू खाली ठेवला. "मला वाटलं, तू त्याला शूट केलंस."

"चुकून," मी म्हणालो.



"हो. म्हणजे... चुकूनच. पण एक सेकंद, एकच सेकंद, बाबा, दुसरंही वाटलं. आय हेट दॅट आय थॉट इट."

माझ्या हातातला कागद चुरगळला. मला राग आला नाही.  ही माझी मुलगी. हिला मी हे वाटायला लावलं होतं, दोन वर्षांत, फोनवरून, एकेक वाक्यानं.

"मुक्ता, चाकू घसरला नाही," मी म्हणालो. "काइलनं मला पाय धरायला सांगितला होता. बार झाला. मी घाबरलो आणि सोडला. म्हणून त्याला लागलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उठून बाहेर गेली. मला तिचा आवाज ऐकू आला, इंग्रजीतून, भराभर. मग काइलचा, हळू.

"मला माहीत होतं," तो म्हणत होता. "मी तिथेच होतो ना. आय वॉज कटिंग टुवर्ड मायसेल्फ, मुक्ता. डॅड असता तर त्यानं माझं थोबाड फोडलं असतं. आणि बंदुकीला घाबरणाऱ्या माणसाला मीच तिथे नेलं."

"मग मला चार दिवस खोटं का सांगितलंत? दोघांनी?"

 मी दारात जाऊन उभा राहिलो होतो. काइलनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली, शाळेत पकडलेल्या पोरासारखी. माझीही तशीच असावी.

"दोघंही मूर्ख आहात," मुक्ता मराठीतून म्हणाली. तिचे गाल भिजले होते. काइलला ते बहुतेक कळलं. "बाबा, तुझी फ्लाइट कॅन्सल कर. याला महिनाभर जिना उतरता येणार नाही, आणि मला कामावर जायचंय. लाकडं कोण आणणार आत? यू आर स्टेइंग."

"राहतो," मी म्हणालो.

त्या रात्री मी कांदा, खोबरं, मिरे आणि मुक्ताकडे होतं तेवढं तिखट भाजून रस्सा केला. नागपूरचा म्हणता येणार नाही, पण काइलनं नाक पुसत पुसत दोनदा वाढून घेतला.

मी डिसेंबरच्या मध्यापर्यंत राहिलो. रोज सकाळी शेडमधून लाकडं आणायचो, नारिंगी जाकीट घालून. सीझन संपेपर्यंत दूर कुठेतरी बार व्हायचे, आणि दर वेळी माझ्या हातातली लाकडं बर्फात पडायची. काइल खिडकीपाशी पाय वर करून बसलेला असायचा. त्याला दिसायचं. तो कधी हसला नाही. मी खाली वाकून एकेक लाकूड गोळा करायचो, आणि मी दारापर्यंत पोचेपर्यंत तो कुबडी टेकत येऊन दार उघडून धरायचा.